तिसऱ्या हाकेची गल्ली

२०२३ साल. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता, आधी अधिकाचा आणि मग निजाचा. मेडशीच्या शिवारात सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं, निंदणाचे दिवस होते, आणि सकाळची न्याहारी आटोपली की सगळं गाव रानात निघून जायचं. पारामागच्या गल्लीत मग कोंबड्या उरायच्या आणि चतुराबाई उरायची.

चतुराबाई पंच्याहत्तरीच्या पुढची. नवरा नानाजी जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा हरीओम चाकणला कारखान्यात होता. तिथलं काम सुटलं तसा आदल्या वर्षी बायकोला घेऊन गावी परत आला, आणि थोडी शेती, थोडं मालेगावच्या खताच्या दुकानात बसणं असं करून संसार रेटू लागला. त्याची बायको वर्षाराणी माहेरची कामरगावची, पण लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं फ्लॅटमध्ये काढलेली. नात संस्कृती अकोल्याला होस्टेलवर. सून वाईट नव्हती. कामाला वाघीण, पण बोलायला कंजूस. चार शब्दांत भागलं तर पाचवा काढायची नाही.

त्या गल्लीचा एक नियम होता. मेडशीत इतरत्र तो नव्हता, त्या एकाच गल्लीत होता. भर दुपारी, बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसताना कोणी हाक मारली, तर बाईनं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली तरच ओ द्यायची. माणसाला आपली गरज असते, ते तिसऱ्यांदा हाक मारतं. जे माणूस नाही, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. पटकीच्या साथीत म्हणे या गल्लीतली एक नवी नवरी पहिल्याच हाकेला ओ देऊन चुलीपासून उठली. ती सापडली तेव्हा तिच्या हातावरचं पीठ वाळलेलं होतं. म्हाताऱ्या बायका गोष्ट एवढ्यावरच थांबवायच्या. पुढचं कोणी विचारत नसे.

पुरुष दुपारी घरात नसत, म्हणून त्यांना हा नियम नव्हता. हरीओमनं लहानपणी कधी ऐकला असेल आणि बायकांचं खूळ म्हणून विसरूनही गेला असेल. आणि सुनेला असलं काही समोर बसवून सांगायची रीत नव्हती. त्याचं नाव काढणंच वाईट. सून दोन-चार दुपारी बायकांत बसली की बघून बघून शिकायची. पण वर्षाराणी आली तेव्हा गल्लीत बायकाच कुठं उरल्या होत्या?

एक उरली होती, शेजारची रुपाबाई. ती मूळ तांड्यावरची. तिचा नवरा सेवादास शाळेत शिपाई लागला तसं हे घर घेऊन ती राहायला आली, आणि गल्लीचा नियम तिला चतुराबाईनंच शिकवला. तेव्हापासून दोघींच्या मधल्या खांद्याएवढ्या भिंतीवरून रोज दुपारी रुपाबाईच्या तीन हाका यायच्या, आणि मग दोन घटका दोघी भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून बोलायच्या. वाती वळायच्या, शेंगा फोडायच्या, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या जावयाचं उकरून काढायच्या. फाल्गुनात रुपाबाई गेली. तिला शेवटची आंघोळ चतुराबाईनंच घातली. मुलगा रविकांत पुण्याहून आला, दिवस केले, घराला कुलूप लावलं आणि गेला.

त्यानंतर चतुराबाईशी बोलणारं कोणी राहिलं नाही. ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षातही आली नाही, कारण बोललं तर जात होतं. वर्षाराणी दुपारी स्वयंपाकघरातून विचारायची, आई, चहा ठेवू का? ओसरीवर चतुराबाई ऐकायची आणि गप्प बसायची. थोड्या वेळानं पुन्हा, आई? चतुराबाईच्या जिभेवर ओ तयार असायची. ती तिसऱ्या हाकेची वाट बघायची. तिसरी यायचीच नाही. वर्षाराणी आतल्या आत पुटपुटायची आणि कप आणून मुकाट्यानं शेजारी ठेवून जायची. हळूहळू ती एकदाच हाक मारू लागली. मग तीही बंद झाली, आणि पावसाळा लागला तशी वर्षाराणी दुपारी रानातच असायची. सकाळी सगळ्यांची घाई, रात्री सगळे दमलेले. दिवस उगवायचा आणि मावळायचा, आणि म्हातारीच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

आणि मग तिची नावं गळायला लागली. आधी भाजीचं नाव आठवेना. मग जावेचं. एकदा तिनं देवापुढं दिवा लावायला काडेपेटी हातात घेतली आणि या वस्तूचं काय करतात हेच तिला उमजेना. ती तशीच बसून राहिली. तिची सासू अशीच गेली होती. शेवटी शेवटी सासू आपल्याच घराच्या दारात उभी राहून विचारायची, इथली माणसं कुठं गेली? आणि इथली सगळी माणसं तिच्या समोर उभी असायची. चतुराबाईला मरणाचं भय नव्हतं. भय होतं ते याचं, आपल्याच घरात आपलं कोणी न उरण्याचं.

हरीओम तिला अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले होते. मग त्यांनी विचारलं, घरी यांच्याशी कोणी बोलतं का? म्हाताऱ्या माणसाचं डोकं बोलण्यावर चालतं, गोळ्यांवर कमी. हरीओम म्हणाला, बोलतो ना साहेब, उत्तरच देत नाही ती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

अधिक महिना लागला. अधिकात दिवे लावायचे, म्हणून घरच्या कापसाच्या वाती वळायला चतुराबाई मागच्या अंगणात भिंतीशी बसू लागली. ऊन पडलेलं, वारा नाही, पान हलत नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"चतुराबाई."

तिचा हात थांबला. आवाज भिंतीपलीकडून आला होता.

"चतुराबाई व."

तिनं ओठ घट्ट मिटले. काय बोलायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता ते जाईल. त्याला तिसरी जमत नाही. ती मोजत नव्हती, नुसती वाट बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात तिसरी यावी असंच होतं.

"चतुराबाई, काय करून राह्यली?"

तिसरी आली. नियम म्हणतो, तिसरी हाक मारेल ते माणूस. आणि रुपाबाईच्या अंगावर पाणी ओतलेलं तिच्या हातांना आठवत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आणि एकमेकींशी भांडल्या नाहीत. भिंतीपलीकडच्या त्या आवाजाला तीन हाका कोणी शिकवल्या होत्या, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिनंच शिकवल्या होत्या.

"ओ," ती म्हणाली. "वाती वळून राह्यली. अधिक लागला ना."

"एकटीच?"

"एकटी नाही तं काय. कोन बसते म्हातारीजवळ?"

"मी हाय ना," रुपाबाईचा आवाज म्हणाला. "तुह्या लग्नात वरात कोनाच्या दमणीत आली होती व?"

आणि चतुराबाईला आठवलं. दमणी आठवली, जुंपलेले बैल आठवले, एक पांढरा आणि एक तांबडा, तांबड्याचं एक शिंग मोडकं. बैल हाकणाऱ्याची वाजणारी करकरीत वहाण आठवली. ती बोलत सुटली. बोलता बोलता सावली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

त्या दिवसापासून रोज तीन हाका येऊ लागल्या. चतुराबाईच्या चेहऱ्यावर तकाकी आली. दुष्काळाच्या साली खडी फोडायला कोण कोण होतं, ते ती ओळीनं सांगे. हरीओमला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. पहिला दिवस सोडला तर रुपाबाई आजचं मात्र काही विचारत नसे. आज काय रांधलं, नात कशी आहे, सून नीट वागते का, यातलं काही नाही. चतुराबाईनं आपणहून काही सांगायला घेतलं तर पलीकडे शांतता पसरायची. पाऊस थांबल्यावर पत्र्यावर पसरते तशी. मग ती चटकन जुनं काहीतरी काढायची आणि पलीकडून पुन्हा हं, हं सुरू व्हायचं.

एक दिवस तिनं भिंतीवर मूठभर कापूस ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथं वाती होत्या, लांब, घट्ट पिळलेल्या. वर्षाराणीनं संध्याकाळी त्यातलीच एक दिव्यात घातली. वात तेल प्यायली, पण पेटली नाही. काड्यांमागून काड्या ओढल्या, ज्योत वातीजवळ न्यायची आणि ज्योतच विझायची. कापूस दमट असेल म्हणून तिनं वाती उन्हात टाकल्या. त्या वाळल्या नाहीत.

मग पलीकडे रुपाबाई एकटी राहिली नाही. आधी बांगड्यांचा आवाज वाढला. मग एक म्हातारा खोकला, अगदी नानाजी खोकायचा तसा, तीन ठसके आणि एक उसासा. मग सासूचं जातं घरघरलं. भिंतीपलीकडे तिची सगळी तरुण गल्ली येऊन बसली होती, आणि प्रत्येकाचं नाव तिला येत होतं. एकही चुकत नव्हतं. अशा एका दुपारनंतर ती घरात आली, तेव्हा चुलीपाशी एक बाई पोळ्या लाटत होती.

"तू कोनाची व?" चतुराबाईनं विचारलं.

वर्षाराणीच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

रात्री जेवताना हरीओम समोर बसला, तर चतुराबाई त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. अजून वाढा ना, म्हणाली, संकोचू नका. हरीओम ताट सरकवून उठला. आणि अंथरुणावर पडल्यावर चतुराबाईला एकदम समजलं की काहीतरी उलटं झालंय. मेलेल्यांची नावं तोंडपाठ, आणि जिवंतांची गेली. ती ज्यांच्यात बसते त्यांचीच होत चाललीय. उद्या ओ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. पण उद्या दुपारी घरात तिच्याशी बोलणारं दुसरं कोण होतं?

विजयमाला गल्लीच्या तोंडाशी राहायची. चतुराबाईच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. वर्ष-दीड वर्ष लेकीकडे कामरगावला जाऊन राहिली होती, ती अधिकाच्या अवसेच्या सकाळी परत आली आणि पिशवी ठेवून सरळ चतुराबाईकडे. चतुराबाई न्हाणीत होती. वर्षाराणी रानात जायच्या तयारीत होती. तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली की सासूबाई हाकेला ओ देतच नाहीत, आल्या दिवसापासून देत नाहीत.

विजयमालानं तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"किती हाका मारते तू?"

"एक. कधी दोन. मंग मी चहा ठेवून जातो."

"अन् मनाशी म्हनत असशील, बुढी बहिरी झाली."

वर्षाराणीनं भाकरीच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"तीन मार, पोरी. या गल्लीतली बाई दुपारी तिसरीशिवाय ओ देत नाही. तुले कोनी सांगतलं नाही का?" मग तिचीच जीभ जरा अडखळली. "कोन सांगीन म्हना. सांगाची गोष्ट नोहे ते."

जाता जाता तिची नजर उन्हात टाकलेल्या वातींवर पडली. तिनं एक उचलली आणि बोटांत फिरवून पाहिली.

"ह्या कोनं वळल्या?"

"आईनं."

"हा पीळ उलटा हाय. हा डावऱ्या हाताचा पीळ." विजयमालानं वात खाली टाकली आणि हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. "डावरी या गल्लीत एकच होती, अन् ते फाल्गुनात गेली. दुपारी रानातून घरी ये तू. आज अवस हाय, इले एकटी ठेवू नको."

दुपार झाली. चतुराबाई मागच्या अंगणात गेलीच नाही. ओसरीत बसून राहिली, कान गच्च धरून. हाका आल्या. पहिली, दुसरी, तिसरी. तिनं ओ दिली नाही. मग चौथी आली, आणि नियमात चौथीबद्दल काहीच नव्हतं.

"तिकडे कोन हाय तुले?" आवाज म्हणाला. तो रागावलेला नव्हता. समजूत घालणारा होता. "कोन बोलते तुह्याशी? इकडे ये. तुह्यासाठी पाट मांडला."

त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. चतुराबाई उठली. गल्लीतून शेजारच्या दाराशी आली. रविकांतचं कुलूप कडीत तसंच होतं, पण कडी कोयंड्यातून निघून लोंबत होती आणि दार लोटलेलं होतं. आतून ताज्या सारवणाचा वास आला, इतके महिने बंद असलेल्या घरातून. तिनं दार ढकललं.

आत गारवा होता. भिंतीला धरून बायका ओळीनं बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून, माना खाली घालून. वाती वळत होत्या. पाठीवरून तिनं एकेकीला ओळखलं. कोणी वळून पाहिलं नाही. मधे एका बाईची जागा मोकळी होती आणि तिथं पाट होता. चतुराबाईनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. पाय थंड पडला, ओढ्याच्या पाण्यात घातल्यासारखा.

"आई."

मागून कोणी तरी बोललं. ती वळली नाही. पहिल्या हाकेला वळायचं नसतं.

"आई."

हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता, पण याची एक खोड तिला ठाऊक होती. हा आवाज इथंच थांबतो. नेहमी इथंच थांबतो, आणि मग कप ठेवल्याचा आवाज येतो. आत एका बाईनं सरकून पाटाशेजारी आणखी जागा केली. चतुराबाईनं दुसरा पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. का धरला, ते तिला सांगता आलं नसतं. जिभेवर ओ आली होती.

"आई, मी वर्षा. इकडे पाहा."

"ओ," चतुराबाई म्हणाली.

आतल्या सगळ्या बांगड्या एकदम थांबल्या. तिनं पाय मागं घेतला आणि वळली. उन्हात एक बाई उभी होती, पायाला चिखल, डोक्याला बांधलेला रुमाल सुटलेला, धावत आल्यानं दम लागलेली.

"तू कोन ते मले आठवत नाही, माय," चतुराबाई म्हणाली. "पन तिसरी हाक तू मारली."

"आठवन मंग काढू आपन. आदी घरी चाला."

वर्षाराणीनं तिचा हात धरला. दाराआड काय होतं ते तिनं पाहिलं की नाही, हे तिनं पुढं कोणालाही सांगितलं नाही. दार बंद करायला मात्र ती मागं गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्षाराणीनं रानाला सकाळचीच पाळी लावली. दुपारी ती सासूसमोर बसायची. बोलायला काही सुचेना, तर चाकणच्या लिफ्टचं सांगायची, वरच्या मजल्यावरच्या बाईशी पाण्यावरून झालेलं भांडण सांगायची, मोबाइलवरच्या मालिकेतली सासू किती खाष्ट आहे ते सांगायची. वाती वळायचा प्रयत्न करायची. चतुराबाईनं तिची पहिली वात हातात घेऊन निरखली आणि विचारलं, ही वात हाय का शेंगदाना? वर्षाराणी हसली. लग्न होऊन आल्यापासून दोघी एकत्र हसल्याची ती पहिलीच वेळ असावी.

भिंतीपलीकडून अजून हाक यायची. चतुराबाईची नजर तिकडे गेली की वर्षाराणीला कळायचं, आणि ती घाईघाईनं काहीही बोलू लागायची. तिसरी येईपर्यंत गप्प राहायचं नाही, एवढंच तिनं धरलं होतं. काही सुचलं नाही तर त्या वर्षी भडकलेल्या टमाट्याच्या भावावर बोलायची, आणि चतुराबाई मग सगळं विसरून सरकारला शिव्या घालायची. गणपतीच्या सुमारास एका दुपारी चतुराबाई सहज म्हणाली, वर्षाराणी, दूध उतू जाऊन राह्यलं. वर्षाराणी उठली, दूध उतरवलं आणि बराच वेळ चुलीपाशीच उभी राहिली. हरीओमचं नाव त्याच आठवड्यात परत आलं. नातीचं यायला दिवाळी उजाडली.

पण दोन्हीकडचं जपता आलं नाही. जिवंतांची नावं जसजशी परतली तसतशी दुसरी माणसं विरत गेली. वरातीचे बैल कोणत्या रंगाचे होते, ते तिला सांगता येईना. नानाजीचा आवाज गेला. भिंतीपलीकडून हाका दोन झाल्या, मग एक. मग एका दुपारी पलीकडे नुसतंच कोणी तरी श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि तेही पुन्हा वाटलं नाही.

रविकांतनं ते घर सोयाबीनच्या एका व्यापाऱ्याला विकलं. त्यानं भिंती पाडून गोदाम बांधलं. तिथले हमाल दुपारचा डबा आत सावलीत खात नाहीत, समोरच्या लिंबाखाली खातात. विचारलं तर आत उकडतं म्हणतात. विजयमाला पुढच्या उन्हाळ्यात कामरगावी लेकीकडेच वारली, व्याह्यांची उणीदुणी काढता काढता, वाक्य अर्धं ठेवून. संस्कृती नर्स झाली आणि अकोल्यातच नोकरीला लागली. हरीओमनं मालेगावचं दुकान सोडलं. आता दुपारचं जेवण तो घरीच घेतो.

चतुराबाई पंचवीस साली पौषात गेली. घरातल्या प्रत्येकाला नावानं ओळखत गेली. आदल्या दिवशी कोणी तरी रुपाबाईची गोष्ट काढली, तेव्हा तिनं विचारलं, कोन रुपाबाई?

वर्षाराणी आता आसपासच्या दोन-तीन म्हाताऱ्यांना दुपारी आपल्या ओसरीवर बोलावते. काही निवडायला देते आणि त्यांना बोलतं ठेवते. एखादी डुलकी घ्यायला लागली की हलवून उठवते. लोक म्हणतात, हरीओमची बायको आधी घुमी होती, आता तिचं तोंड मिटत नाही. ती ऐकते, हसते आणि पुढचं बोलायला घेते.